पोपड्याची पाठ: फायबरच्या एका जुन्या बोटीला कमी पैशात दिलेला रंग

पार्श्वभूमी

बोट साडेपाच मीटर लांब, दोन मीटर रुंद, मागे आउटबोर्ड इंजिन, वय तिशीच्या आसपास. ती पाण्यात कायम उभी नसते. ट्रेलरवर असते आणि लागेल तेव्हा उतरवली जाते. पुढचे बरेच निर्णय या एका गोष्टीवर ठरले, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो.

मालक माझा जुना मित्र. बोट त्याच्यापर्यंत तिसऱ्या हाताने आली होती आणि ती घेण्यातच त्याचा खिसा रिकामा झाला होता. ओळख पटेल असे तपशील इथून काढले आहेत. लिहायला त्याची हरकत नव्हती, फक्त "माझा मूर्खपणा नीट लिही" एवढी अट त्याने घातली. त्यातला निम्मा वाटा माझा होता, तोही लिहितो. फायबरची डागडुजी मी काही वर्षं केली आहे. रंगकामाचा अनुभव मात्र बेताचाच.

दोन्ही बाजूंना आधीच्या कुणीतरी गडद निळा रंग मारला होता आणि त्याचे तळहाताएवढे पोपडे सुटत होते. वरच्या डेकवर मूळ पांढरा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा कारखान्यातला बाहेरचा चकचकीत थर, होता. त्यावरून हात फिरवला की तळव्याला खडूसारखी पूड लागायची. तळाला लाल अँटिफाउलिंगचे, म्हणजे शेवाळ धरू न देणाऱ्या रंगाचे, उरलेसुरले डाग. नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, दोर बांधायच्या क्लीटभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा.

प्रश्न काय होता

त्याने मला विचारलं, "स्वस्तात स्वस्त रंग कुठला?" मीही लगेच कागद घेऊन डब्यांचा हिशोब करायला बसलो. त्याच्या यादीत बजेटच्या शंभरातले ऐंशी भाग नुसत्या रंगाला होते. पॉलिश पेपर, थिनर, टेप, मास्क हे सगळं उरलेल्या विसात. आख्खी बोट, म्हणजे बाजू, डेक, आतली फरशी आणि तळ, चांगल्या दोन डब्यांच्या (रंग आणि तो कडक करणारा हार्डनर वेगळे असलेल्या) रंगाने रंगवायची म्हटली तर पैसे रंगातच संपत होते.

हिशोबाच्या आधी एक काम करायलाच हवं होतं, ते आम्ही निदान दुसऱ्या दिवशी केलं. ही बोट रंग देण्याच्या लायकीची आहे का, हे पाहिलं. स्क्रू ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने मागची फळी आणि डेक वीतवीत ठोकत गेलो. फायबरच्या आतलं लाकूड धड असेल तर खणखणीत 'टक' येतो, कुजलेलं किंवा भिजलेलं असेल तर आवाज बसका, भदभदीत होतो. मग इंजिनजवळचा एक स्क्रू काढून भोकात पाहिलं. तपकिरी पाणी नाही, ओला भुसा नाही. फळी कोरडी निघाली. ओली निघाली असती तर सगळे पैसे तिच्यात गेले असते आणि हे लिहायचा प्रश्नच आला नसता.

पोपडा उलटा केल्यावर

निळ्या रंगाचा एक मोठा पोपडा मित्राने नखाने सोलला आणि फेकणार होता, तो मी हातात घेऊन उलटा केला. पाठ काचेसारखी गुळगुळीत होती. उन्हात धरली तर चमकत होती. जिथून तो सुटला तिथला जेलकोटही तसाच चकचकीत, एकही ओरखडा नाही. म्हणजे आधीच्या रंगवणाऱ्याने पृष्ठभाग घासलाच नव्हता. चकचकीत जेलकोटवर, बहुधा मेणाच्या पॉलिशवरच, थेट रंग फासला होता. त्याने रंग कुठला वापरला होता ते आम्हाला माहीत नाही. तो कितीही भारी असता तरी टिकला नसता.

इथून प्रश्न बदलला. स्वस्त रंग कुठला, हे बाजूला पडलं. घासायला आणि पुसायला पुरेसे पैसे आणि रविवार उरावेत म्हणून काय रंगवायचं नाही, यावर आमची चर्चा सुरू झाली.

जुना रंग ठेवायचा की काढायचा हेही ठरवायचं होतं. त्यासाठी दोन चाचण्या केल्या. थिनरमध्ये भिजवलेली चिंधी पंधरा मिनिटं टेपने चिकटवून ठेवली. काढली तेव्हा खालचा रंग सुरकुतला होता. म्हणजे तो एका डब्याचा, हवेवर वाळणारा रंग. त्यावर दोन घटकांचा प्रायमर (रंगाखालचा, त्याला धरून ठेवणारा थर) मारला असता तर त्यातल्या जहाल द्रावकाने खालचा थर उचलला असता. दुसरी चाचणी पात्याने बारीक चौकटी पाडून त्यावर टेप दाबून खेचायची. उन्हाकडच्या बाजूला टेपबरोबर चौकटीच्या चौकटी निघून आल्या. सावलीकडच्या बाजूला एकही निघाली नाही.

मित्राचं म्हणणं, "मग सावलीची बाजू तशीच ठेवू, निम्मं काम वाचेल." मोह मलाही झाला. पण गुळगुळीत पाठीवर बसलेला रंग आज धरून आहे, तो केवळ ऊन कमी लागलं म्हणून. शिवाय एका बाजूला एक पद्धत आणि दुसऱ्या बाजूला दुसरी म्हणजे दोन प्रकारचे प्रायमर आले. सगळा काढायचा ठरवला. आजही हा निर्णय मला बरोबर वाटतो, जरी त्या चार दिवसांत मित्र माझ्याशी फारसं बोलत नव्हता.

तोललेले पर्याय

नुसतं पॉलिश. खडूसारखा झालेला जेलकोट ओल्या फडक्याने पुसला आणि ओला असेपर्यंत मूळ रंग परत दिसला, तर कंपाउंडने (घासून चमकवायच्या पेस्टने) घासून तो बराचसा वर काढता येतो. डेकवर हा प्रयोग जमला. बाजूंना आधीच रंग असल्याने तिथे हा मार्ग बंद होता.

नवा जेलकोट. कारखान्यात तो साच्यात आधी फवारतात, म्हणून साच्याची चकाकी त्याला आयती मिळते. बाहेरून ब्रशने लावला की संत्र्याच्या सालीसारखा येतो आणि मग तो सपाट करायला घासत बसावं लागतं. त्यात मेण मिसळलं नाही तर हवेला लागलेला थर चिकटच राहतो. माल महाग नाही, पण मजुरी जीव काढते. हा पर्याय पाच मिनिटांत खोडला.

दोन घटकांचा पॉलियुरेथेन, फवाऱ्याने. गाड्यांना रंग देणारे ओळखीचे एक काका आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "रंग मी तुम्हाला आरशासारखा देईन, पण तुमच्या अंगणात नाही. आणि तुम्ही स्वतः तर मुळीच फवारू नका." कारण हार्डनरमधलं आयसोसायनेट. फवाऱ्यात त्याचे कण हवेत जातात आणि एकदा फुप्फुसं त्याला संवेदनशील झाली की पुढे जरा संपर्क आला तरी दमा उसळू शकतो. साधा धुळीचा मास्क इथे काहीच करत नाही. वास येत नाही म्हणून मास्कच्या गाळणीचं काडतूस संपल्याचंही कळत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. काकांनी स्वतःचं गिऱ्हाईक असं परत पाठवलं, याचं मला अप्रूप वाटलं.

तोच रंग रोलरने देणं हा मधला मार्ग. कडकपणा आणि चकाकी सगळ्यात जास्त टिकते. पण तो महाग, मिसळल्यावर ठराविक वेळात संपवावा लागतो आणि चूक झाली तर दुरुस्ती अवघड. पहिल्यांदाच हातात रोलर धरणाऱ्या माणसाने सगळ्यात महागड्या डब्यावर शिकावं का? माझं मत पडलं, नाही.

एका डब्याचा, युरेथेन मिसळलेला बोटींचा एनॅमल. कडकपणा कमी, काही वर्षांनी चकाकी उतरणार हे गृहीत. पण लावायला सोपा, ब्रशच्या खुणा स्वतःच विरून जातात आणि खरचटलं तर पुन्हा हात मारता येतो. कायम पाण्याखाली राहिला तर त्याला फुगे येतात, मात्र ही बोट ट्रेलरवरची. शेवटी हाच घेतला, खाली दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर ठेवून. पैसे आम्ही चिकटण्यावर घातले आणि चकाकीवर वाचवले. प्रायमर आणि रंग एकाच कंपनीचे, एकमेकांसाठी सांगितलेले घेतले. कारण काही इपॉक्सींवर असे रंग नीट वाळतच नाहीत.

घराच्या दारांना लावायचा ऑइल पेंटही मित्राने सुचवला होता. खरं सांगायचं तर नीट घासलेल्या पृष्ठभागावर तोही काही काळ काढतो. पण घासायची मेहनत तेवढीच असेल तर डब्यात वाचणारा फरक मला क्षुल्लक वाटला.

काय रंगवायचं नाही

डेक रंगवायचा नाही, पॉलिश करायचा. आतल्या फरशीवर फक्त पाय पडतो तिथे न घसरणारा रंग, बाकी तशीच. तळाचं अँटिफाउलिंग पुन्हा लावायचं नाही, कारण ट्रेलरवरच्या बोटीला शेवाळ धरायला वेळच मिळत नाही. फक्त सुटलेलं खरवडायचं, तेही पाणी मारून, ओलं. ट्रायब्युटिल टिन हे विषारी रसायन असलेल्या अँटिफाउलिंगवर जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय बंदी २००८ मध्ये लागू झाली. बोट त्याच्या आधीची असल्याने खालच्या थरांत काय आहे हे आम्हाला सांगता येत नव्हतं. तांबं घातलेले अँटिफाउलिंगचे रंगही फुप्फुसात जाऊ देण्यासारखे नसतात. खाली ताडपत्री अंथरली आणि खरवड गोळा करून घातक कचऱ्यात दिली.

राहिल्या दोन बाजू आणि मागची फळी. लांबी आणि रुंदी मिळवून दुप्पट करायची आणि पाण्यावर दिसणाऱ्या उंचीने गुणायचं: ५.५ अधिक २, गुणिले २, गुणिले ०.७. साडेदहा चौरस मीटर. लिटरला साधारण दहा-बारा चौरस मीटर धरले तर एका हाताला एक लिटर. प्रायमरचे दोन हात, रंगाचे तीन. आख्ख्या बोटीच्या यादीपेक्षा हे निम्म्याहून कमी झालं.

रंगछटेवरून मात्र खडाजंगी झाली. त्याला पुन्हा गडद निळाच हवा होता. गडद रंग उन्हात फार तापतो आणि लांबी (पुटी) भरलेली प्रत्येक खोलगट जागा आरशासारखी दाखवतो. तीस वर्षांच्या बोटीच्या अंगाला लाटा असतातच. शेवटी फिकट राखाडी ठरला आणि वरच्या रबराखाली चार बोटं निळा पट्टा. पट्ट्याचा रंग त्याने घरातल्या उरलेल्या डब्यातून आणला, तो मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

प्रत्यक्ष काम

रंग काढायला केमिकल रिमूव्हर वापरला नाही, कारण साधा रिमूव्हर जेलकोटलाही खातो. हीट गनही नाही, उष्णतेने खालचं फायबरचं लॅमिनेट खराब होतं. धारदार स्क्रेपर आणि कानस. दर पाच-सात मिनिटांनी कानशीने धार काढायची, मग निळ्या साली लांबच लांब सुटायच्या. धार गेली की तोच स्क्रेपर नुसता चरे पाडायचा.

घासण्याआधी पुसणं, हा क्रम उलटा झाला तर मेण पॉलिश पेपरच्या चऱ्यांत खोल बसतं. म्हणून दोन चिंध्या घ्यायच्या. एक मेण काढणाऱ्या द्रावकात ओली, मागोमाग दुसरी कोरडी, आणि दोन्ही सतत बदलायच्या. ॲसिटोन इथे गैरसोयीचं, कारण मेण उचलायच्या आतच ते उडून जातं. नंतर पाणी मारून बघायचं. पाण्याचा सलग पडदा राहिला तर स्वच्छ, मोत्यांसारखे थेंब झाले तर अजून मेण आहे.

मग मशीनवर ८० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर १२०. जेलकोट जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड असतो, कडांवर तर त्याहून कमी. तिथे मशीन थांबवून हातानेच घासलं. क्लीटभोवतीच्या चिरा कोपऱ्याने खरवडून इंग्रजी व्हीसारख्या उघडल्या आणि इपॉक्सीची लांबी भरली. गाड्यांची पॉलिस्टर लांबी पाणी पिते, म्हणून टाळली. लांबी घासण्यापूर्वी तिच्यावर पेन्सिलीने उभ्याआडव्या रेघा मारल्या. घासल्यावर जिथे रेघ उरते तिथे खळगा आहे, असं बघता बघता कळतं. डोळ्याला सपाट दिसणाऱ्या जागी अशा सात-आठ रेघा उरल्या.

प्रायमरवर २२०, रंगाआधी ३२०. रंग दोघांनी मिळून दिला: मित्र फोमच्या रोलरने दोन फुटांचा पट्टा पातळ पसरत पुढे, मी मागून जवळजवळ कोरड्या ब्रशचं नुसतं टोक फिरवत. ब्रश नव्या पट्ट्यातून आधीच्या ओल्या कडेत नेऊन अलगद उचलायचा आणि पुन्हा मागे वळायचं नाही. मागे वळून "जरा नीट करतो" म्हटलं की ओघळ आलाच. पहिल्या हाताला तीन ओघळ आले, तिन्ही माझे.

जिथे घसरलो

प्रायमरचा पहिला हात मागच्या फळीवर पोचला आणि पाणी निचऱ्याच्या जाळीभोवती बारीक गोल खड्डे उमटायला लागले. प्रायमर आपोआप मागे सरकत होता, जणू खालून कुणी फुंकर मारतंय. माशाचे डोळे म्हणतात ते हेच. मी आणखी प्रायमर थापला. खड्डे भरले, दोन मिनिटांत पुन्हा उघडले.

कारण नंतर सापडलं. जाळीभोवती कुणीतरी सिलिकॉन सीलंट लावलेलं होतं. आम्ही ते कापून काढण्याऐवजी वरूनच मशीन फिरवलं आणि सिलिकॉनची पुटं वीतभर पसरवली. पाण्याची चाचणी बाजूंवर केली होती. मागच्या फळीवर केली नव्हती, कारण अंधार पडत होता.

इथे दोन वाटा होत्या. सिलिकॉनवरही चालणारा एक थेंबभर मिसळायचा पदार्थ मिळतो, तो घालून पुढे जायचं, किंवा थांबायचं. तो पदार्थ एकदा घातला की पुढच्या प्रत्येक हातात घालावा लागतो आणि खालचा डाग तसाच राहतो. थांबलो. प्रायमर वाळू दिला, जाळी काढली, सीलंट पात्याने मुळापासून कापलं, दर वेळी नवी चिंधी घेऊन पुसलं, घासलं, पुन्हा पुसलं. एक आख्खा रविवार त्या वीतभर जागेत गेला.

दुसरी घसरण मुकाट्याने सांगून टाकतो. रंगाचा शेवटचा हात उन्हं कलल्यावर दिला. रात्री आकाश निरभ्र होतं, दव पडलं आणि सकाळी मागच्या फळीची चकाकी वाफ धरलेल्या काचेसारखी झाली. पृष्ठभाग दवबिंदूच्या तापमानापेक्षा निदान तीन अंश वर हवा आणि दव पडायच्या आत काही तास मिळायला हवेत, हे दोन्ही मला माहीत होतं. ती फळी अजून तशीच आहे. मित्र म्हणतो, मागून कोण बघतंय.

निकाल

सहा आठवड्यांचे रविवार, दोघांचे मिळून सुमारे ७५ तास. त्यात प्रत्यक्ष रंग आणि प्रायमर लावायला साडेसात तास. खर्चाच्या शंभर भागांत रंग २४, प्रायमर २२, पॉलिश पेपर १९, थिनर-चिंध्या-टेप-रोलर १७, मास्क, चष्मा आणि हातमोजे १०, लांबी ५, डेकचं कंपाउंड आणि मेण ३. ऐंशीचे चोवीस झाले.

दोन हंगाम उलटून गेलेत. बाजूंवर एकही पोपडा नाही. टेपची चाचणी पुन्हा केली, काही निघालं नाही. ट्रेलरचं रबर घासतं तिथे रंग गेला आहे. चकाकी थोडी उतरली आहे. डेक मात्र वर्षभरात पुन्हा पांढुरका झाला. त्याला दरवर्षी मेण लावायचं ठरलं होतं, ते लावलं गेलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

डेकचा निर्णय मी बदलेन. पॉलिश स्वस्त दिसतं, पण ते दरवर्षीचं काम आहे आणि मालकाचा स्वभाव मला आधीपासून ठाऊक होता. पाय पडणाऱ्या भागाबरोबर डेकही रंगवून घ्यायला हवा होता, पैसे जमल्यावर पुढच्या वर्षी का होईना.

सगळे फिटिंग सुरुवातीलाच काढेन. टेप लावून भोवतीने रंगवण्यात वाचलेला अर्धा तास एका रविवाराला पडला. आणि प्रायमर आधी मागच्या फळीच्या कोपऱ्यात फूटभर लावून रात्रभर बघेन.

क्लीटभोवतीच्या चिरांचं गणित तर आम्ही चुकीचंच सोडवलं होतं. लांबी भरली, डेकच्या तेवढ्याच जागी रंग दिला, दुसऱ्या हंगामात त्याच जागी, त्याच आकाराच्या चिरा राखाडी रंगातून वर आल्या. क्लीट खालून नुसत्या वॉशरवर आवळलेलं आहे, दोर ताणला की डेक तिथे लवतो. चिरा त्या लवण्याने पडतात. गेल्या आठवड्यात मित्राने खाली लावायला अॅल्युमिनियमची जाड पट्टी कापून आणली आहे. उरलेला रंग छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवला होता. उघडून पाहिला तर अजून पातळ आहे, पण दोन वर्षं ऊन खाल्लेल्या बाजूपेक्षा एक छटा गडद दिसतो.